रेखाटलेला परिपथ आणि घडलेला फलक

इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या पोटात बसणारा मुद्रित परिपथ फलक, ज्याला कारखान्यात आणि महाविद्यालयात सर्रास पीसीबी म्हटले जाते, तो प्रत्यक्षात घडण्यापूर्वी दोनदा रेखाटला जातो. पहिल्या रेखाटनात फक्त परिपथाची आकृती असते. तीत रेझिस्टर, कॅपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि चिप यांची चिन्हे सरळ रेषांनी जोडलेली दिसतात, आणि त्या रेषांना जोडणीपलीकडे कोणताही अर्थ नसतो, म्हणजे त्यांना लांबी, रुंदी किंवा रोध नसतो. दुसऱ्या रेखाटनात फलकाची मांडणी असते, आणि तीत तीच रेषा साधारण 35 मायक्रॉन जाडीची तांब्याची पट्टी होऊन, काचतंतू आणि इपॉक्सी यांपासून बनवलेल्या एफआर-4 नावाच्या पत्र्यावरून वळणे घेत जाते. या पट्टीला ट्रॅक म्हणतात, आणि आकृतीत नसलेले सारे गुण तिच्यात येतात: तिला रोध असतो, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, शेजारच्या पट्टीशी ती नकळत कॅपॅसिटर तयार करते, आणि तिच्यातून संकेत पोहोचायला वेळ लागतो. फलक बनवण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर गणिताने उतरवून पाहणे, म्हणजेच त्याचे सिम्युलेशन करणे, याचा खरा कस या दोन रेखाटनांमधल्या अंतरातच लागतो. आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशा सॉफ्टवेअरने, पहिल्या रेखाटनापासून दुसऱ्यापर्यंतचा हा प्रवास कुठवर पूर्ण केला आहे, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रवासाचा आरंभ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला. 1969-70 च्या सुमारास तेथील प्राध्यापक रोनाल्ड रोरर यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी परिपथांचे विश्लेषण करणारा एक संगणकीय कार्यक्रम लिहिला, ज्याचे कॅन्सर हे नाव ‘किरणोत्सर्ग वगळून अरेषीय परिपथांचे संगणकीय विश्लेषण’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेले होते. त्या काळी अशा कार्यक्रमांना मिळणारा पैसा बहुधा संरक्षण खात्याकडून येत असे आणि अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गात परिपथ टिकेल का, हे तपासण्याची अट त्यासोबत असे. ‘किरणोत्सर्ग वगळून’ हे शब्द त्या अटीला दिलेला जाहीर नकार होता. रोरर बर्कलीतून बाहेर पडल्यावर त्यांचे विद्यार्थी लॉरेन्स नेगल यांनी हे काम डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली पुढे नेले, आणि पेडरसन यांनी अट घातली की कार्यक्रम कोणाच्याही मालकीचा न राहता सर्वांसाठी खुला असला पाहिजे. नव्याने लिहिलेल्या या कार्यक्रमाला स्पाइस हे नाव मिळाले. पेडरसन यांनी 1973 मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत तो मांडला, 1975 मध्ये नेगल यांच्या प्रबंधासोबत त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि पुढे टॉमस क्वार्ल्स यांनी सी भाषेत लिहिलेली तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

स्पाइसची गरज एकात्मिक परिपथांमुळे, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर घडवलेल्या चिपमुळे निर्माण झाली होती. सुटे भाग जोडून चिपची नक्कल टेबलावर उभी करता येत असे, परंतु चिपमधले भाग इतके जवळजवळ आणि इतके सूक्ष्म असत की सुट्या भागांचे वर्तन त्यांच्याशी जुळत नसे, आणि चिप एकदा घडली की तिच्यात दुरुस्ती करणे अशक्य होते. आज फलकाच्या बाबतीत हीच अडचण वेगळ्या मापात उभी राहते. चार किंवा सहा थरांच्या फलकात आतल्या थरांतील तांब्याला डाखकाम करून हात लावता येत नाही, आणि चूक सापडली तर नवा फलक मागवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

स्पाइस नेमके काय करते, हे समजून घेणे या विषयात टाळता येत नाही, कारण त्याच्या मर्यादा त्याच्या पद्धतीतूनच उगवतात. परिपथातील प्रत्येक जोडबिंदूला एक अज्ञात विद्युतदाब असतो, आणि त्या बिंदूत येणाऱ्या व जाणाऱ्या सर्व प्रवाहांची बेरीज शून्य असली पाहिजे, हा गुस्टाफ किर्खहोफ यांनी 1845 मध्ये मांडलेला नियम प्रत्येक बिंदूसाठी एकेक समीकरण देतो. सर्व भाग साधे रेझिस्टर असते तर ही समीकरणे एका फटक्यात सुटली असती. परंतु डायोड आणि ट्रान्झिस्टर अरेषीय असतात, म्हणजे दाब दुप्पट केला म्हणून त्यांतील प्रवाह दुप्पट होत नाही, त्यामुळे स्पाइस एक अंदाज धरते, त्या अंदाजाभोवती वक्राच्या जागी सरळ रेषा मानते, समीकरणे सोडवते, आणि आलेल्या उत्तराला नवा अंदाज मानून हीच क्रिया दोन लागोपाठच्या उत्तरांतला फरक नगण्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा करते. काळानुसार बदलणाऱ्या परिपथात वेळेचे बारीक तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकड्यापुरता कॅपॅसिटर हा एक रेझिस्टर आणि त्याच्या जोडीला एक प्रवाहस्रोत आहे असे मानून गणित पुढे सरकते. हजारो ट्रान्झिस्टरांच्या परिपथापासून दोन भागांच्या गाळणीपर्यंत सर्वत्र हीच यंत्रणा चालते.

या यंत्रणेला स्वतःच्या काही खोडी आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर पडद्यावरचा सुबक आलेख दिशाभूल करू शकतो. समीकरणे अडकू नयेत म्हणून स्पाइस प्रत्येक अर्धवाहक संधीच्या शेजारी एक अतिसूक्ष्म वाहकता स्वतःहून जोडते, जिचे ठरलेले मूल्य 10⁻¹² सीमेन्स, म्हणजे दहा लाख मेगाओहमचा रेझिस्टर जोडल्यासारखे असते. उलट्या दिशेने 1 व्होल्ट लावलेल्या डायोडमधून किती प्रवाह गळतो हे शोधणाऱ्याला जर 1 पिकोअँपिअर हे उत्तर मिळाले, तर ते डायोडचे नसून सॉफ्टवेअरने जोडलेल्या त्या वाहकतेचे असण्याचा संभव असतो. वेळेचे तुकडे जोडण्याच्या नेहमीच्या समलंब पद्धतीत, एखादा स्विच अचानक बंद झाल्यावर, प्रत्यक्षात नसलेले कंपन आलेखात उमटू शकते, तर गियर नावाच्या दुसऱ्या पद्धतीत खरे असलेले कंपनही थोडे दबून जाते. म्हणून कंपन दिसले की दोन्ही पद्धतींनी गणित करून पाहणे हा जाणकारांचा रिवाज आहे. तापमानाचे ठरलेले मूल्य 27 अंश सेल्सियस आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या सौरपंपाच्या नियंत्रकपेटीत हे मूल्य निरर्थक ठरते, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो आणि 40 अंश अधिक तापलेल्या ट्रॅकचा रोध जवळपास 16 टक्क्यांनी चढलेला असतो, तर अर्धवाहकांचा गळतीप्रवाह याहून कितीतरी वेगाने वाढतो. या सर्व गोष्टी मूळ संहितेत आणि मार्गदर्शिकेत उघड लिहिलेल्या आहेत, ज्याला शंका येईल त्याला तपासता येतात, आणि मुक्तस्रोत असण्याचे सर्वांत मोठे मोल या लेखाच्या दृष्टीने येथेच आहे; सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते ही त्यापुढची सोय आहे. विनामूल्य मिळणारी पण बंदिस्त अशीही उत्तम सिम्युलेशन सॉफ्टवेअर आहेत, एलटीस्पाइस हे त्यांतले सर्वाधिक वापरले जाणारे, परंतु त्यांच्या आत कोणते गृहीतक कोठे बसले आहे, हे निर्मात्याने सांगितले तेवढेच कळते.

पंचकार्डांच्या काळाचे काही अवशेषही स्पाइसमध्ये टिकून आहेत, आणि नवशिक्यांचा पहिला अडथळा बहुधा तेच होतात. परिपथाचे वर्णन करणाऱ्या मजकुराची पहिली ओळ शीर्षक मानली जाते, त्यामुळे कोणी पहिल्याच ओळीत रेझिस्टर लिहिला तर तो चूक न दाखवता परिपथातून गळून जातो. लहान आणि मोठी अक्षरे यांत भेद नसल्यामुळे ‘एम’ हे अक्षर नेहमी मिली असा अर्थ देते, आणि मेगा लिहायचे असेल तर ‘मेग’ असे लिहावे लागते. 1 मेगाओहमच्या जागी नुसते 1 एम लिहिणारा विद्यार्थी परिपथात 1 मिलिओहमचा रेझिस्टर, म्हणजे जवळजवळ उघडी तारच, घालतो.

बर्कलीची तिसरी आवृत्ती आणि जॉर्जिया टेक येथे झालेले एक्सस्पाइसचे काम यांच्या आधारावर एनजीस्पाइस उभे राहिले, ज्याचा विकास आजही स्वयंसेवकांकडून चालू आहे. अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालणारे झाइस नावाचे सिम्युलेशन सॉफ्टवेअर 2013 मध्ये मुक्त केले. परंतु फलक रेखाटणाऱ्याच्या हाती स्पाइस खऱ्या अर्थाने आले ते कीकॅडमुळे. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे अध्यापन करणारे जाँ-पिएर शारास यांनी 1992 मध्ये कीकॅड लिहायला घेतले, आणि कित्येक वर्षे ते मर्यादित वर्तुळातच राहिले. 2013 पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी त्यात लक्ष घातले. प्रयोगशाळेने आपल्या यंत्रांची इलेक्ट्रॉनिक रेखाटने जगासाठी खुली करण्याचे धोरण स्वीकारले होते आणि त्यासाठी 2011 मध्ये स्वतंत्र परवानाही तयार केला होता. पण खुली केलेली रेखाटने उघडण्यासाठी जर महागडे बंदिस्त सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागणार असेल तर तो खुलेपणा निम्माच राहतो, ही त्यामागची जाणीव होती. 2018 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत एनजीस्पाइस थेट कीकॅडच्या आकृतीला जोडले गेले, त्यामुळे ज्या आकृतीपासून फलक बनायचा आहे तिच्यावरच सिम्युलेशन चालवता येऊ लागले, आणि एकच परिपथ दोन सॉफ्टवेअरमध्ये दोनदा काढताना होणाऱ्या चुकांचे मूळच नाहीसे झाले.

महाराष्ट्राचा या कथेशी प्रत्यक्ष संबंध पवईच्या आयआयटी मुंबईमधून येतो. तेथील फॉसी या प्रकल्पाने, ज्याचे काम उच्च शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुजवणे हे आहे आणि ज्याला केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाचे साहाय्य आहे, ई-सिम नावाचे सॉफ्टवेअर विकसित केले, जे आधी ऑस्कॅड या नावाने ओळखले जात असे. ई-सिममध्ये कीकॅडची आकृती, एनजीस्पाइसचे गणित, आणि अंकीय परिपथांसाठी जीएचडीएल व व्हेरिलेटर ही साधने एकत्र गुंफलेली आहेत, त्यामुळे ज्या परिपथात थोडा भाग सतत बदलणाऱ्या संकेतांचा आणि थोडा भाग शून्य-एकच्या तर्काचा आहे, त्याचेही सिम्युलेशन होते. देशभरातील विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील आणि व्यवहारातील परिपथ ई-सिममध्ये उतरवून संग्रहात जमा करतात. आयआयटी मुंबईचाच स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे ध्वनिचित्र पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुरवतो. तालुक्याच्या गावातील पदविका विद्यार्थ्याला परवान्याच्या लाखो रुपयांचा विचार न करता आपल्याच संगणकावर हे साधन बसवता येते, आणि महाविद्यालय सोडल्यावरही ते त्याच्याकडेच राहते; बंदिस्त सॉफ्टवेअरचा शैक्षणिक परवाना बहुधा विद्यार्थिदशेबरोबरच संपतो, हे लक्षात घेतले तर या फरकाचे महत्त्व कळते.

येथवर जे सांगितले ते सारे पहिल्या रेखाटनाविषयी, म्हणजे आकृतीविषयी आहे. एनजीस्पाइस असो की ई-सिम, त्यांना फलकावर ट्रॅक कोठून गेला आहे हे ठाऊक नसते. एका साध्या गणिताने हे अंतर दिसेल. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा, मग तो लहान असो वा मोठा, एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंतचा रोध सुमारे 0.5 मिलिओहम असतो. 0.25 मिलिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर लांब ट्रॅक म्हणजे असे 400 चौरस एकापुढे एक, म्हणजे 0.2 ओहम. त्यातून 2 अँपिअर प्रवाह नेला तर 0.4 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि 3.3 व्होल्टची चिप 2.9 व्होल्टवर चालू लागते. आकृतीवरच्या सिम्युलेशनमध्ये मात्र तिला पूर्ण 3.3 व्होल्ट मिळत असल्याचेच दिसते.

वेगवान संकेतांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. एफआर-4 च्या फलकात विद्युतसंकेत एका नॅनोसेकंदात सुमारे 15 सेंटिमीटर जातो. संकेत शून्यापासून पूर्ण मूल्यापर्यंत चढायला जर 1 नॅनोसेकंद लागत असेल, तर अडीच सेंटिमीटरहून लांब असलेला ट्रॅक साधी तार मानता येत नाही, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. तो संचरणरेषा मानावा लागतो, म्हणजे ज्यातून लाट जाते आणि ज्याच्या टोकावर ती परतू शकते असा मार्ग. विहिरीच्या काठाला बांधलेल्या दोराला हिसका दिला की लाट बांधलेल्या टोकापर्यंत जाऊन मागे फिरते, तसेच येथे होते. लाटेला ट्रॅकवर जाणवणाऱ्या दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तराला लाक्षणिक प्रतिबाधा म्हणतात, आणि 1.6 मिलिमीटर जाडीच्या दोन थरी फलकावर ती 50 ओहम ठेवायची तर ट्रॅक सुमारे 3 मिलिमीटर रुंद करावा लागतो. आता 3.3 व्होल्टचा संकेत 20 ओहम अंतर्गत रोधाच्या चिपमधून अशा 50 ओहमच्या ट्रॅकवर सोडला आणि दुसऱ्या टोकाला जवळपास प्रवाहच न घेणारी दुसरी चिप असली, तर काय होते ते पाहता येईल. सुरुवातीला ट्रॅकवर 2.36 व्होल्टची लाट निघते, कारण 3.3 व्होल्टची वाटणी 20 आणि 50 ओहममध्ये होते. दुसऱ्या टोकावर ती पूर्ण परावर्तित होऊन दुप्पट होते, आणि 3.3 व्होल्टसाठी बनवलेल्या चिपच्या पायावर क्षणभर 4.71 व्होल्ट उमटतात. परतलेली लाट उगमाशी पोहोचून उलट चिन्हाने पुन्हा निघते आणि दुसऱ्या टोकावर दाब 2.69 व्होल्टपर्यंत उतरतो. असे वरखाली होत तो अखेर 3.3 वर स्थिरावतो. उगमापाशी 30 ओहमचा एक रेझिस्टर मालेत जोडला की दोन्ही मिळून 50 ओहम होतात, निघणारी लाट बरोबर 1.65 व्होल्टची होते, टोकावर दुप्पट होऊन 3.3 व्होल्टवर थांबते, आणि परतलेली लाट उगमापाशी पूर्णपणे शोषली जाते. काही पैशांच्या त्या रेझिस्टरने फलक सुधारतो. हा संपूर्ण प्रयोग एनजीस्पाइसमध्ये मोजक्या ओळींत करून पाहता येतो, कारण त्यात संचरणरेषेसाठी स्वतंत्र घटक आहे. पण त्या घटकाची प्रतिबाधा आणि त्यातून जायला लागणारा वेळ फलकाच्या मांडणीवरून काढून वापरणाऱ्याने स्वतः भरावा लागतो.

चिपजवळ बसवल्या जाणाऱ्या कॅपॅसिटरची गोष्टही अशीच आहे. चिपला अचानक लागणारा प्रवाह दूरच्या वीजपुरवठ्याऐवजी जवळून मिळावा म्हणून प्रत्येक चिपच्या पायापाशी 100 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवण्याची पद्धत आहे. तो आणि चिप यांच्यामधला ट्रॅक, तसेच एका थरातून दुसऱ्या थरात जाणारे तांब्याने मढवलेले छिद्र, ज्याला व्हाया म्हणतात, यांत इंडक्टन्स असतो, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण. हा इंडक्टन्स 1 नॅनोहेन्री असेल तर कॅपॅसिटर सुमारे 16 मेगाहर्ट्झपर्यंत आपले काम करतो, आणि आडवळणाच्या ट्रॅकमुळे तो 3 नॅनोहेन्री झाला तर ही मर्यादा 9 मेगाहर्ट्झच्या आसपास येते. त्यापुढे तो भाग कॅपॅसिटर म्हणून वागतच नाही. आकृतीत मात्र तो कोठेही ठेवला तरी एकाच जोडबिंदूला जोडलेला असतो, त्यामुळे सिम्युलेशनचे उत्तर एकच येते.

या सगळ्यांत मोठी अडचण परतीच्या मार्गाची आहे. प्रवाह नेहमी वर्तुळ पूर्ण करतो, आणि फलकातील जमिनीचा थर, म्हणजे शून्य दाबाचा मानलेला तांब्याचा सलग पत्रा, हा त्याचा परतीचा रस्ता असतो. कमी वारंवारतेला परतीचा प्रवाह कमीत कमी रोधाची वाट धरून पसरून जातो, तर जास्त वारंवारतेला तो ट्रॅकच्या बरोबर खाली चिकटून चालतो, कारण तसे केल्याने वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि त्यामुळे इंडक्टन्स सर्वांत कमी राहतो. जमिनीच्या थरात चीर पाडली आणि ट्रॅक तिच्यावरून गेला, तर परतीच्या प्रवाहाला वळसा घालावा लागतो, वर्तुळ मोठे होते, आणि ते एखाद्या अँटेनाप्रमाणे विद्युतचुंबकीय लाटा बाहेर टाकू लागते. स्पाइसच्या आकृतीत जमीन हा फक्त एक बिंदू असतो, शून्य क्रमांकाचा, आणि बिंदूला चीर पडत नाही.

यासाठी आकृतीचे गणित सोडून क्षेत्राचे गणित हाती घ्यावे लागते. केन यी यांनी 1966 मध्ये मॅक्सवेलची समीकरणे संगणकावर सोडवण्याची एक पद्धत मांडली, ज्यात अवकाशाचे बारीक घन पाडले जातात, विद्युतक्षेत्राचे घटक घनांच्या कडांवर आणि चुंबकीय क्षेत्राचे घटक घनांच्या पृष्ठांवर अशा अर्ध्या पावलाच्या फरकाने ठेवले जातात, आणि एकावरून दुसरे, दुसऱ्यावरून पहिले असे आळीपाळीने मोजत काळ पुढे नेला जातो. जर्मनीतील डुइसबुर्ग-एसन विद्यापीठात थॉर्स्टन लीबिग यांनी विकसित केलेले ओपनईएमएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालते, आणि त्याला पायथन किंवा ऑक्टेव्ह या भाषांतून सूचना देता येतात. येथे ट्रॅक खराखुरा तांब्याचा असतो, चीर खरीखुरी चीर असते, आणि परतीचा प्रवाह आपली वाट आपणच शोधतो.

त्याची किंमत मात्र संगणकाच्या वेळेत आणि स्मृतीत मोजावी लागते. 10 सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद फलकाला त्याच्या वरच्या-खालच्या हवेसह 1 सेंटिमीटर उंचीचा ठोकळा मानून 0.1 मिलिमीटरचे घन पाडले तर त्यांची संख्या 10 कोटी होते, आणि केवळ क्षेत्रांचे सहा घटक साठवायलाच 2.4 अब्ज बाइट लागतात. लाट एका पावलात एका घनाहून पुढे जाऊ नये या अटीमुळे, तिन्ही दिशा एकत्र धरता, काळाचे पाऊल 0.19 पिकोसेकंदाहून मोठे घेता येत नाही, म्हणून 10 नॅनोसेकंदांचे वर्तन पाहायला 50 हजारांहून अधिक पावले टाकावी लागतात. घनाची बाजू निम्मी केली की स्मृती आठपट आणि वेळ सोळापट होतो. अनुभवी माणूस म्हणूनच अख्खा फलक न घेता संशयित भाग तेवढा कापून घेतो, ट्रॅकजवळ बारीक आणि दूर मोठे घन पाडतो, आणि हे कापणे व जाळे पाडणे यांतच या कामाचे बरेचसे कौशल्य असते. पोलंडमधील अँटमायक्रो या कंपनीने गर्बर-टू-ईएमएस नावाचे एक मुक्तस्रोत साधन प्रसिद्ध केले आहे, जे फलक बनवण्यासाठी कारखान्याला पाठवायच्या गर्बर फाइल वाचून ओपनईएमएससाठीचे प्रतिरूप आपोआप तयार करते. आकृती आणि फलक यांच्यातल्या दरीवर उभा राहिलेला हा एक महत्त्वाचा पूल आहे, जरी तो अजून अरुंद असला तरी.

फलकावरच्या उष्णतेच्या गणितासाठी फिनलंडच्या सीएससी या संगणनकेंद्राचे एल्मर हे सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, जे 2005 मध्ये मुक्त झाले. तांब्याची उष्णतावाहकता एफआर-4 च्या हजारपटीहून अधिक असल्यामुळे फलकावरची उष्णता जवळजवळ तांब्यातूनच पसरते. हे काम आज जोडाजोडीचेच आहे: मांडणी एका सॉफ्टवेअरमधून काढायची, जाळे दुसऱ्यात पाडायचे, गणित तिसऱ्यात करायचे आणि मिळालेले तापमान हाताने पुन्हा स्पाइसमध्ये भरायचे. महागड्या बंदिस्त संचांत हे सारे एका खिडकीत होते, आणि त्या बाबतीत मुक्तस्रोत साधने मागे आहेत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

परंतु खरी अडवणूक या उणिवेपेक्षा प्रतिरूपांमध्ये आहे. स्पाइसला चिपचे वर्तन सांगणारे गणिती वर्णन, म्हणजे मॉडेल, लागते, आणि ते चिप बनवणाऱ्या कंपनीकडून यावे लागते. बर्कलीच्या खुल्या संहितेतूनच पुढे पीस्पाइस आणि एचस्पाइस ही विक्रीची सॉफ्टवेअर निघाली, आणि आज अनेक कंपन्या आपली मॉडेल अशा एखाद्या सॉफ्टवेअरपुरती कूटबद्ध करून देतात, जी एनजीस्पाइसला वाचताच येत नाहीत. जे ज्ञान पेडरसन यांनी अट घालून सर्वांसाठी मोकळे ठेवले, त्याच्याच वंशजांच्या आधारे ही कुलुपे लावली गेली आहेत, आणि हा या क्षेत्रातला मोठा अन्याय आहे. कंपन्यांना आपल्या चिपची आतली रचना प्रतिस्पर्ध्यांना कळू नये असे वाटते, आणि ही काळजी समजण्याजोगी आहे. पण तिच्यावरचा उपाय 1990 च्या दशकातच इंटेलच्या पुढाकाराने निघाला. आयबिस नावाच्या त्या स्वरूपात चिपच्या प्रत्येक पायावर दाब किती असताना प्रवाह किती आणि संकेत किती वेगाने चढतो-उतरतो याची साधी कोष्टके असतात, आतला परिपथ उघड होत नाही, आणि कोष्टके सर्वांना वाचता येतात. कीकॅडच्या 2023 मधील सातव्या आवृत्तीपासून अशी कोष्टके त्याच्या सिम्युलेशनमध्ये वापरता येतात. मात्र आयबिस चिपच्या पायांपुरतेच आहे. वीजपुरवठ्याच्या नियंत्रकाचे किंवा प्रवर्धकाचे आतले वर्तन त्यात मावत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग पवईतच चोखाळला जात आहे. फॉसीच्या प्रकल्पात विद्यार्थी प्रचलित चिपची माहितीपत्रके वाचून त्यांचे उपपरिपथ, म्हणजे आतील वर्तनाची नक्कल करणारे छोटे परिपथ, ई-सिममध्ये उभे करतात आणि ते खुले ठेवतात. असे उपपरिपथ कंपनीच्या मॉडेलइतके अचूक असतीलच असे नाही, पण त्यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे, हे उघडून पाहता येते.

फलकाच्या द्रव्याविषयी विश्वासार्ह माहिती मिळवण्याचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. एफआर-4 चा परावैद्युतांक, ज्यावर लाटेचा वेग आणि लाक्षणिक प्रतिबाधा ठरते, सर्वसाधारणपणे 4.2 ते 4.7 च्या दरम्यान असतो. तो राळेच्या प्रमाणावर, काचेच्या विणीवर आणि वारंवारतेवर बदलतो, आणि तांबे रसायनाने कोरताना ट्रॅकची रुंदीही थोडी घटते. सिम्युलेशनमध्ये 4.5 लिहिले म्हणून कारखान्यातला पत्रा 4.5 चा होत नाही. म्हणून फलकाच्या कडेला ठरावीक लांबी-रुंदीचा एक चाचणी-ट्रॅक ठेवावा, फलक हाती आल्यावर त्याची प्रतिबाधा प्रत्यक्ष मोजावी, मोजमापाशी जुळेपर्यंत परावैद्युतांक आणि रुंदी सुधारावी, आणि मगच त्याच कारखान्याच्या पुढच्या फलकासाठी ती मूल्ये वापरावीत, अशी शिस्त जाणते अभियंते पाळतात. प्रतिबाधा मोजणारे जे उपकरण पूर्वी मोठ्या प्रयोगशाळांतच असे, त्याची नॅनोव्हीएनए ही खुल्या रेखाटनाची तळहाताएवढी आवृत्ती आता काही हजार रुपयांत मिळते आणि काही गिगाहर्ट्झपर्यंत हे मोजमाप करू शकते, त्यामुळे पदविका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ही पडताळणी शक्य झाली आहे. मांडणीच्या फाइल, सिम्युलेशनच्या सूचना आणि मोजलेली मूल्ये ही तिन्ही एकत्र प्रसिद्ध करण्याची पद्धत मात्र अजून रूढ झालेली नाही; खुल्या फलकांचे बहुतेक संग्रह मांडणीच्या फाइलपाशीच थांबतात, आणि पुढच्या माणसाला परावैद्युतांकाचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.